एकाच शालीला कसर

मामा, तुमच्या सत्काराच्या शालींच्या पेटीत कसर शिरली. हे तुम्हाला सांगायला घरात कुणी धजावणार नाही, म्हणून मीच सांगते. पण लगेच कपाळाला हात लावू नका. त्यापुढची बातमी इतकी भारी आहे की ती कधी एकदा तुमच्या कानावर घालते असं मला झालंय. या आठवड्यात कितीदा तरी मी धावत पडवीत आले, "मामा, ऐकलंत का" म्हणून तोंड उघडलं आणि तुमची रिकामी खुर्ची बघून मिटलं. खुर्चीला काय सांगणार? म्हणून लिहायला बसले.

बातमी मात्र क्रमानेच सांगणार. सामन्याचा निकाल आधी फोडणाऱ्याला चहा द्यायचा नाही, हा तुमचाच नियम.

तुम्ही माझ्या आत्याचे यजमान, म्हणून मी तुम्हाला मामा म्हणायचे. कर्जत-खालापुरातल्या कबड्डी मंडळांची पोरंही मामाच म्हणायची. खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी ही तुमच्या लेखी पोटाची सोय होती. खरे तुम्ही पंच. थंडी पडली की गावोगाव सामने सुरू व्हायचे आणि शनिवार आला की तुम्ही पांढरा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून निघायचात. परत येताना एक शाल आणि एक नारळ. नारळाची आत्या वडी करायची. शाल पेटीत जायची. मग कुणाच्या घरी साठीशांत निघाली, कुणाची पोरगी दहावी झाली, की आत्या पेटीतलीच एक शाल उचलून न्यायची. "ह्यांची शाल म्हंजे नोट हाय, ह्या हातातनं त्या हातात," असं ती म्हणायची. एकदा तर आपण दिलेली शाल फिरत फिरत तुमच्याच खांद्यावर परत आली आणि आत्याने कडेच्या चहाच्या डागावरून ती ओळखली!

मी बारावी होऊन कॉलेजसाठी तुमच्या भिसेगावच्या घरी राहायला आले, त्याच आठवड्यात माझ्या हातून मिक्सर जळला. आमच्या घरी एखादी वस्तू बिघडली की सगळे गप्प व्हायचे. जेवणंसुद्धा खाली मान घालून. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी होते. तुम्ही आलात, धूर बघितलात आणि चक्क टाळी वाजवलीत.

"गडी बाद! चला, आता ह्याला जिवंत कसा करायचा ते बघू."

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपल्या संघाला गुण मिळाला की जिवंत होऊन परत मैदानात येतो. तुमच्या घरातल्या सगळ्या वस्तू अशाच आलटून पालटून बाद आणि जिवंत होत राहिल्या. पाण्याची मोटार बंद पडली, तेव्हा तुम्ही ती खोलून अंगणात मांडलीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलीत, जशी काही नवीन आणलीय. फ्रिज बंद पडला त्या दिवशी दूध नासायच्या आत आटवायला लावलंत आणि सगळ्या गल्लीला बासुंदी वाटलीत. आत्या कढईशी घाम पुसत म्हणाली होती, "ह्या माणसाला घर मोडलं तरी सणच!" पण ती हसत होती, मामा. मोडलेल्या वस्तूपुढे उभं राहून हसता येतं, हे मी पहिल्यांदा तुमच्या घरात बघितलं. कॉलेजात शिकले त्यापेक्षा हे शिक्षण मला जास्त कामाला आलं.

आणि तो लॅपटॉप! कारखान्यातल्या कुणीतरी टाकायला काढलेला तुम्ही उचलून आणलात. त्याचं एक बटण नव्हतं आणि बिजागरी सुटलेली. पायाला लावायच्या क्रेप बँडेजने तुम्ही ती बांधलीत. "लंगडतोय, पण खेळंल," म्हणालात. त्याच लंगड्या गड्यावर माझी पदवी झाली. निकाल लागला तेव्हा तुम्ही अंगणात उभं राहून एवढी लांब शिट्टी मारलीत की पलीकडचे काका धावत आले. "कोण बाद झालं रं?" तुमची छाती फुगलेली. "बाद नाय रं! आमच्या घरात पदवीधर झालीय. पयली." माझ्या बापाच्या घराण्यात आणि तुमच्याही, कुणी कॉलेजचं दार बघितलं नव्हतं. तुम्ही 'आमच्या घरात' म्हणालात. तुम्हाला मूल नव्हतं म्हणून तसं म्हणालात असं लोकांना वाटलं असेल. मला माहीत आहे, मूल असतं तरी तुम्ही तसंच म्हणाला असतात.

आता त्या सामन्याकडे यायलाच हवं, कारण आपल्या घराला लागलेला खरा घोर तोच.

मी कॉलेजात असताना आमच्या गावात, खालापूर तालुक्यात, स्पर्धा भरल्या होत्या. शेवटी चाळिशीच्या वरच्यांचा एक सामना ठेवला होता. पोटं सुटलेली, गुडघे वाजणारी माणसं हाफपँट घालून उतरली आणि अख्खा गाव हसायला जमला. आमच्या गावाचा कप्तान कोण? माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ बाळाराम. आणि पंच तुम्ही. सामन्याआधी पंचांचा सत्कार झाला. बाबांनी स्वतःच्या हाताने तुमच्या खांद्यावर शाल घातली. मंडळाची शाल नव्हती ती, बाबांनी स्वतः बाजारात हिंडून, लोकर चुरगाळून बघून निवडलेली होती. बहिणीचा नवरा पंच म्हणून येतोय, मग ऐरीगैरी शाल कशी घालायची?

आणि शेवटच्या चढाईत तुम्ही त्यांना बाद दिलंत.

बाबा समोरच्या संघात शिरले, कोपऱ्यातल्या गड्याला शिवले आणि परत फिरले. तेवढा एक गुण आला की सामना आमचा. गाव उड्या मारत होता. तेवढ्यात तुमची शिट्टी. बाबांचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला, असं तुम्ही म्हणालात. रेषेवरची पांढरी फक्की उडालेली तुम्ही बघितली होती. बाबा शपथा घेत होते, "पाय आत होता! भाऊजी, पाय आत होता!" तुम्ही हात वर करून उभे. आमचा गाव हरला.

"आमचीच शाल पांघरून आमालाच बाद केलं!" हे वाक्य त्या दिवशी मैदानावर कोण पहिल्यांदा बोललं ते ठाऊक नाही, पण पुढे कित्येक लग्नांत ते ऐकू आलं. बाबांनी तर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ह्या पंचाच्या उंबऱ्याच्या आत परत पाय ठेवणार नाही. तुम्ही शिट्टी खिशात घालत म्हणालात, "नको ठेवू. पण बाद ते बाद."

त्यानंतर बाबा दर हंगामाला नवा तांदूळ घेऊन यायचे, फाटकाशी उभं राहून "ताई!" म्हणून हाक मारायचे, गोणी ठेवायचे, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायचे. तुम्ही पडवीत खुर्चीवर, ते फाटकाबाहेर. मधे मी.

"तुझ्या मामाला इचार, गुडघा कसा हाय."

"तुझ्या बापाला सांग, गुडघा बरा हाय. आन तांदूळ जरा जुना होऊ देत जा, चिकट होतो."

दोघांना एकमेकांचं सगळं नीट ऐकू जायचं. मी मधे उभी राहून नुसती मान हलवायचे.

तो सामना मी मोबाईलवर काढला होता. छोट्या पडद्यावर धूळ आणि पाय याशिवाय काही कळत नव्हतं, म्हणून लॅपटॉपवर घेतला. तुमच्यापुढे आणून ठेवला तेव्हा तुम्ही पडदा मिटवलात. आपलं खरं भांडण त्या दिवशी झालं, मामा, आणि ते अर्धंच राहिलं.

मी म्हटलं, "बघायला काय जातंय? खरं काय ते तरी कळेल."

"खरं मी डोळ्यांनी बघितलंय."

"मग भिताय कशाला?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी जीभ चावली. मग शांतपणे म्हणालात, "पोरी, पंचानं मागं वळून बघायला लागलं, तर उद्या शिट्टी वाजवायला त्याचा हात उचलत नाय. मी असंस्तवर लावू नको. मग काय लावायचं ते लाव."

मी लावला नाही. बाबांनी कितीदा विचारलं, तरी लावला नाही. पण तुम्हाला खरंच खात्री होती की शंका होती, हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं. विचारायला सवड होती. आपण किती संध्याकाळी पडवीत बसून शेंगा सोलल्या! मला वाटायचं, विचारू कधीतरी, घाई काय आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशी बाबा सगळ्यात आधी पोचले. पण आत आले नाहीत. उन्हात फाटकाबाहेर उभे राहिले आणि तुम्हाला बाहेर आणल्यावर पहिला खांदा त्यांनी दिला. गाडीपर्यंत कुणाला खांदा बदलू दिला नाही.

तेरावं झालं. मग दुखवटा काढायचा होता. माहेरच्या माणसाने बहिणीला साडी आणायची, गोड जेवण आणायचं, स्वतः वाढायचं आणि तिने तोंड गोड करायचं, म्हणजे घरातला शोक मोकळा होतो. बाबा साडी आणि पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आले. फाटकाशी उभे.

आत्या दारात आली. "आत ये. वाढ, मंग जेवते."

"ताई, इथनंच घे ना."

"रस्त्यावर वाढतात का रं दुखवट्याचं? मी काय भिकारीण हाय?"

"मी शब्द दिलाय."

"ज्याला दिलास तो गेला."

"मंग परत कोण घील माझा शब्द?" बाबा म्हणाले. डबा फाटकावर ठेवून ते निघून गेले. आत्याने डबा शेजारी दिला. साखरेचा चहासुद्धा बंद केला. दिवाळी जवळ आली तरी ती कोरा, बिनसाखरेचा चहा पीत राहिली. मामा, मला तुमच्या जाण्यापेक्षा त्या चहाची भीती वाटायला लागली होती. हसणारी आत्या आता मोडलेल्या वस्तूकडे बघतसुद्धा नव्हती. नळ ठिबकत होता, ट्यूब मिचमिचत होती आणि तिचं एकच म्हणणं, "जाऊ दे. ते गेले, आता घरबी जाईल."

अशातच पेटी उघडली आणि आतून एक फिकट सोनेरी पाखरू उडालं.

आत्या मटकन खाली बसली. "कसर! संपलं सगळं. त्यांचे सगळे सत्कार खाल्ले गं मेलीनं."

मला रडूच येणार होतं, पण तोंडातून काय निघालं माहीत आहे? "गडी बाद! चला!" माझा मलाच धक्का बसला. आत्याने वर बघितलं आणि कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

आम्ही सगळी पेटी गच्चीवर नेली. ऑक्टोबरचं ऊन मजबूत होतं. मी बादल्यांत साबणाचं पाणी केलं, आत्याने निंबाचा पाला आणवला, गल्लीतल्या बायका वेखंड आणि डांबरगोळ्या घेऊन आपणहून जमल्या. कसरीवर काय उपाय आहेत ते आत्याला मोठ्या पडद्यावर दाखवावं म्हणून मी लॅपटॉप वर आणून कठड्यावर ठेवला. आणि एकेक शाल उघडायला सुरुवात केली. तुम्ही असायला हवे होतात! पहिली शाल, काही नाही. दुसरी, काही नाही. आमदारचषकाची जांभळी, जरीच्या काठाची, कोरी करकरीत. नवरात्र मंडळाची, सोसायटीची, वाढदिवसाची, सगळ्या धडधाकट! बायका बुचकळ्यात पडल्या. मग कोपऱ्यावरच्या काकूने एका शालीचा दोरा काढून काडीने पेटवला. तो वितळून काळा गोळा झाला.

"अगं, हे तर प्लास्टिक हाय! कसर तोंड कशाला लावंल?"

काय हसलो मामा आम्ही! एवढी भाषणं, एवढे हारतुरे आणि अळीसुद्धा तोंड लावेना. आत्या तर पदर तोंडाशी धरून खाली वाकून हसत होती. "आन मी हिला वीस वर्सं गोळ्या घालतेय!"

पेटीच्या तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेली एकच शाल चाळणी झाली होती. राखाडी, जाड लोकरीची. बाबांची.

आत्या हसायची थांबली. ती शाल तिने मांडीवर घेतली आणि मला जे कधीच माहीत नव्हतं ते सांगितलं. त्या सामन्यानंतर ती शाल तुम्ही कुणाला देऊ दिली नाहीत. थंडीत पहाटे उठून, मी जागी व्हायच्या आत, ती पांघरून पडवीत बसायचात आणि उजाडलं की घडी घालून तळाशी ठेवायचात. धुवायलाही द्यायचा नाहीत. "आंगावर वापरलेली, घामाची लोकर," आत्या म्हणाली, "कसरीला तीच आवडती."

मी एवढी वर्षं त्याच घरात झोपत होते, मामा. पलीकडच्या खोलीत.

त्यातून भानावर यायला म्हणून मी शाल झटकायला घेतली. जरा जास्तच जोरात झटकली. तिचं टोक कठड्यावरच्या लॅपटॉपला लागलं आणि आपला लंगडा गडी थेट साबणाच्या बादलीत!

सगळ्या बायका ओरडल्या. आत्याने मात्र कंबरेवर हात ठेवले आणि गच्चीवरून खणखणीत आवाजात म्हणाली, "दुसरा गडी बाद!"

हे ऐकायला तरी तुम्ही थांबायला हवं होतं.

त्याच दिवशी बाबा तांदूळ घेऊन आले. रस्त्यावरूनच त्यांना दोरीवरची शाल दिसली आणि ते पेटले. "ती माझी शाल ना? कसरीला घातली? एवढा राग धरला माझ्यावर?" आत्याने शाल काढली, फाटकाशी नेली आणि त्यांच्या हातात दिली. "वास घे."

बाबांनी नाकाशी धरली. ती अजून धुतली नव्हती. तुम्ही गुडघ्याला चोळायचात त्या निलगिरीच्या तेलाचा वास तिला येत होता.

"रोज पांघरायचे," आत्या म्हणाली. "म्हणून खाल्ली."

बाबांनी शालीच्या भोकातून बोट फिरवलं. मग ती खांद्यावर टाकून एसटीच्या थांब्याकडे निघाले. आत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन खोपोलीच्या शिळफाट्याला गेले. दुरुस्तीवाल्याने तो उलटा केला, तर आतून फेस आला.

"मॅडम, ह्यात कपडे धुतले का?"

"शाली," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. सुकायला काही दिवस लागतील, आशा धरू नका म्हणाला. मला पहिल्यांदाच कळलं, की मला लॅपटॉपची पर्वा नव्हती, मला तो सामना हवा होता. तुमची अट आता संपली होती. मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की तिकडे जाऊन विचारायचे, इतकी की तो मला बघूनच लांबून नकाराची मान हलवायचा. आणि शुक्रवारी त्याने मान हलवली नाही! पडदा उजळला होता. "सगळं आहे आत," तो म्हणाला, "पण बॅटरी मेली. पिन लावूनच चालेल. पिन काढली की गेला." बँडेज त्याने तसंच ठेवलं होतं. काढायला हात झाला नाही म्हणाला.

रविवारी बाबा आले. हातात परत डबा. फाटकाशी तीच हाक, "ताई!"

मला धीर कुठला! मी दारातूनच ओरडले, "बाबा, लॅपटॉप जिवंत झाला! सामना मिळाला!"

"कुठला सामना?"

"आपला!"

"आण हिकडं."

"नाही आणता येत. बॅटरी मेलीय. टीव्हीच्या बोर्डात पिन लावलीय, काढली की बंद."

"लांब वायर लाव की!"

"ती मामांनी मंडळाला दिली. तिकडेच राहिली."

बाबांनी इकडे-तिकडे बघितलं. मग फाटक उघडून अंगणात आले, पडवीला वळसा घातला आणि बाहेरून खिडकीच्या गजांना नाक लावून उभे राहिले. "लाव."

मी लावला.

"काय दिसत नाय गं. ऊन पडलंय. माझंच तोंड दिसतंय त्यात."

आतून आत्या म्हणाली, "बघ मंग तेच. लय दिवसांत बघितलं नसशील."

मला हसू आवरेना. तेवढ्यात लॅपटॉपमधून मैदानाचा गलका उठला. आणि त्या गलक्यातून, स्वच्छ, जवळून, तुमचा आवाज आला:

"बाळाराम! बनियन खोच आत. पंच बघतोय."

आत्याचा हात तोंडाकडे गेला तो तिथेच राहिला. त्या आवाजात तुम्ही हसत होतात. मेव्हण्याची चेष्टा करत होतात. भांडणाच्या धुळीत हे आम्ही विसरूनच गेलो होतो, की त्या दिवशी शेवटच्या शिट्टीपर्यंत तुम्ही दोघं नुसते हसत होतात.

खिडकीत बाबा नव्हते. मी मागे बघितलं तर ते माझ्या पाठीशी उभे. चपला पायातच. कधी पडवी चढले, कधी उंबरा ओलांडला, त्यांनाही कळलं नव्हतं. आत्याने खाली त्यांच्या पायांकडे बघितलं, पण शब्द काढला नाही. शहाणी आहे ती.

शेवटची चढाई आली. मी वेग अगदी कमी केला. बाबा कोपऱ्यात शिरले, हात लांबवला, शिवले. मग तो पाय. पाय रेषेच्या आत टेकला. अगदी जवळ, पण आत. आणि त्यांच्यामागून झेप घेणाऱ्या समोरच्या गड्याची टाच रेषेवर पडली आणि फक्की त्याच्या टाचेने उडाली.

तुम्ही चुकलात, मामा. ही ती बातमी.

"आत!" बाबा असे ओरडले की शेजारची कोंबडी उडाली. "आत हाय! ताई, बघ, पाय आत हाय!" त्यांनी मांडीवर थाप मारली, एक उडी मारली, खरंच उडी मारली, आणि दाराकडे वळून, पडवीतल्या खुर्चीकडे बोट करून म्हणाले, "बघ पंचा! बघ! आता बोल, का—"

आणि थांबले.

बोट तसंच राहिलं. एवढी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते आणि ते ज्याला ऐकवायचं, तोच नव्हता. बाबा हळूच खाली बसले. जमिनीवरच. इतक्या आनंदातून माणूस इतक्या झटक्यात रडायला लागलेला मी कधी बघितला नव्हता. आत्या त्यांच्या शेजारी बसली. तिने पाठीवर हात ठेवला. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोकळी रडली, तीही भावाबरोबर.

थोड्या वेळाने बाबांनी डोळे पुसले. "परत लाव."

मला वाटलं, त्यांना परत स्वतःचा पाय बघायचाय. पण ते पडद्याच्या दुसऱ्या टोकाला बघत होते. तुमच्याकडे. "हा बघ कुठं उभा हाय," ते म्हणाले. "मधी दोन गडी. ह्याला पाय दिसणारच नाय. फक्की उडालेली तेवढी दिसली, म्हणून वाजवली. मी तिथं उभा असतो तर मीबी वाजवली असती." पुन्हा लावायला लावलं. पुन्हा. दर वेळी तुमच्या हाताकडे बघायचे. तो हात वर जातो आणि वरच राहतो. समोर बायकोचा भाऊ शपथा घेतोय, अख्खी सासुरवाडी अंगावर धावून येतेय आणि हात खाली येत नाही.

"मेव्हणा हाय म्हणून सोडलं नाय," बाबा स्वतःशीच म्हणाले. "हलला नाय बघ जागचा." मग त्यांनी नाक पुसलं आणि पंचासारखंच जाहीर केलं, "बाद."

"अरे, पण पाय आत हाय ना?" आत्या म्हणाली.

"आसंना का. सामन्यांच्या पांपलेटात खाली छापलेलं असतंय की नाय, पंचांचा निर्णय अंतिम राहील? मंग? बाद."

आत्याने पदराने तोंड पुसलं, उठून डबा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "वाढ आता. आन चपला काढ आधी, माझं घर हाय हे." बाबांनी खाली बघितलं, दचकले आणि चपला हातात घेऊन पडवीत ठेवून आले. परत आत आले. तुमच्या घरातल्या ताटात त्यांनी पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं आणि आत्याने पहिला घास घेतला.

मामा, तुम्हाला शंका होती का? पहाटे ती शाल पांघरून तुम्ही कशाचा विचार करत होतात? मला आता ते कधीच कळणार नाही. पण मला आज तुमचा अजिबात राग नाही आणि तुमची कीवही येत नाही. उलट छाती फुगलीय. मोडलेलं जोडता येतं हे मी तुमच्याकडून शिकले होतेच. चुकल्यावरसुद्धा ताठ उभं राहता येतं, आपल्या माणसाची भीड न धरता, हे मात्र मला तुम्ही गेल्यावर कळलं, साबणाने धुतलेल्या लॅपटॉपवर. आत्या कालपासून साखरेचा चहा पितेय. ठिबकणारा नळ बाबांनी दुरुस्त करायला घेतलाय आणि आता तो आधीपेक्षा जास्त ठिबकतोय. दोघं त्यावरून भांडतायत. घर पुन्हा नीट मोडायला लागलंय.

मी हे लिहितेय असं बाबांना सांगितलं, आणि विचारलं, गावातले लोक वाचतील, शेवटी काय लिहू? नळाखाली डोकं घातलेलं असताना त्यांनी तिथूनच उत्तर दिलं.

"पाय आत होता असं लिही. आन मी बाद झालो असंबी लिही."

दोन्ही लिहिलंय, मामा.